सेनापती ते शांतिदूत : जनरल जॉर्ज मार्शल

१० डिसेंबर १९५३ रोजी नॉर्वेची राजधानी ऑस्लो येथील विद्यापीठाच्या सभागृहात नोबेल शांतता पारितोषिकाचा समारंभ चालू होता. पारितोषिक स्वीकारण्यासाठी आले होते अमेरिकेचे निवृत्त सेनानी जनरल जॉर्ज कॅटलेट मार्शल. वय बहात्तर वर्षांचे, प्रकृती क्षीण झालेली. इतक्यात सज्जातून साम्यवादी गटातील तिघांनी निषेधाच्या घोषणा देत पत्रके खाली भिरकावली. सभागृहात गोंधळ उडाला. तेव्हा नॉर्वेचे राजे सातवे हाकॉन स्वतः उठून उभे राहिले आणि त्यांनी टाळ्या वाजवण्यास प्रारंभ केला. पाठोपाठ सारे सभागृह उभे राहिले.

पत्रके टाकणाऱ्यांचा हेतू राजकीय होता यात शंका नाही. परंतु त्यांनी उभा केलेला प्रश्न केवळ राजकीय म्हणून झटकून टाकण्याजोगा नाही. ज्यांनी ऐंशी लाखांहून अधिक सैनिकांची सेना उभारली, ज्यांच्या संमतीने अणुबॉम्ब टाकण्याचा लेखी आदेश निघाला, त्यांना शांततेचे पारितोषिक कसे? पेशाने सैनिक असलेल्या पुरुषास हे पारितोषिक मिळण्याची ती पहिलीच वेळ होती. अहिंसेचा संस्कार बालपणापासून लाभलेल्या वाचकाच्या मनात तर हा प्रश्न सर्वप्रथम उभा राहील. मार्शल यांच्या आयुष्याच्या खातेवहीतील जमा आणि नावे या दोन्ही बाजू पाहिल्यावाचून त्याचे उत्तर देता येणार नाही.

जॉर्ज मार्शल यांचा जन्म ३१ डिसेंबर १८८० रोजी अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातील युनियनटाउन या गावी झाला. वडिलांचा व्यवसाय दगडी कोळशाचा आणि त्यापासून भट्टीत तयार होणाऱ्या कोकचा. व्यवसाय उत्तम चालला होता. परंतु १८९० च्या सुमारास वडिलांनी चालत्या धंद्यातील आपला हिस्सा विकला आणि मिळालेली बरीचशी रक्कम व्हर्जिनियातील जमिनींच्या सट्ट्यात गुंतवली. जमिनींचे चढलेले भाव कोसळले आणि घराची पत एका फटक्यात गेली. ज्या घरात नोकरचाकर होते, त्या घरात काटकसरीचे दिवस आले. आपला हात बसलेला धंदा सोडून दुसऱ्याच्या बाजारात उतरल्याने बुडालेली घराणी व्यापारी समाजाने कमी पाहिलेली नाहीत. त्या घरातील लहान मुलांच्या मनावर त्याचा काय परिणाम होतो हे मात्र क्वचितच कोणी पाहते. पैशाच्या मोहापासून मार्शल आयुष्यभर जसे कटाक्षाने दूर राहिले, त्याचे मूळ कदाचित येथेच असावे.

शाळेत जॉर्ज सामान्य बुद्धीचे समजले जात. थोरले बंधू स्टुअर्ट व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूट या सैनिकी विद्यालयात शिकून आले होते. जॉर्जलाही तेथेच जायचे होते. एके दिवशी स्टुअर्ट आईला विनवीत असताना जॉर्जच्या कानी पडले, की याला तेथे पाठवू नकोस, हा घराण्याच्या नावाला कमीपणा आणील. पुढे उतारवयात मार्शल यांनी स्वतः सांगितले, की सर्व शिक्षकांनी मिळून केला नसेल एवढा परिणाम त्या एका संभाषणाने आपल्यावर केला. १८९७ साली ते लेक्सिंग्टनच्या त्या विद्यालयात दाखल झाले. नव्या विद्यार्थ्यांचा छळ करण्याची तेथे पद्धत होती. जमिनीत उभ्या रोवलेल्या संगिनीवर अधांतरी बसण्याची शिक्षा वरच्या वर्गातील मुलांनी त्यांना दिली. नुकत्याच झालेल्या तापाने ते अशक्त होते, तोल गेला आणि संगीन लागून जखम झाली. त्यांनी कोणाचेही नाव सांगितले नाही. शेवटच्या वर्षी विद्यार्थी तुकडीचे प्रमुखपद, जे त्या विद्यालयातील सर्वोच्च मानाचे स्थान होते, ते त्यांच्याकडे आले.

१९०१ साली पदवी मिळाली, परंतु सैन्यात अधिकारी होण्यासाठी परीक्षेस बसण्याची परवानगी लागे आणि ती वशिल्याखेरीज मिळणे कठीण होते. वीस वर्षांचा हा तरुण वॉशिंग्टनला गेला आणि भेटीची वेळ ठरलेली नसताना अध्यक्ष मॅकिन्ली यांच्या दालनात दुसऱ्या लोकांच्या मागोमाग शिरून आपले म्हणणे मांडून आला. परवानगी मिळाली. फेब्रुवारी १९०२ मध्ये सेकंड लेफ्टनंट म्हणून नेमणूक झाली. त्याच महिन्यात लिली कोल्स यांच्याशी विवाह झाला, आणि लगेचच नवविवाहित पत्नीला मागे ठेवून फिलिपाइन्सला निघावे लागले.

पुढील पंधरा वर्षांविषयी फारसे सांगण्याजोगे नाही. बढती अतिशय मंद गतीने मिळे. फोर्ट लेव्हनवर्थ येथील सैनिकी शिक्षणक्रमात १९०७ साली ते पहिले आले, एवढी नोंद पुरेशी आहे. खरे कर्तृत्व दिसले ते पहिल्या महायुद्धात फ्रान्सच्या भूमीवर.

ऑक्टोबर १९१७ मध्ये अमेरिकी सेनेचे सरसेनापती जनरल पर्शिंग पहिल्या डिव्हिजनची पाहणी करण्यास आले आणि तिच्या प्रमुखांची त्यांनी कनिष्ठ अधिकाऱ्यांसमक्ष कठोर शब्दांत हजेरी घेतली. मार्शल तेव्हा कनिष्ठ अधिकारी. पर्शिंग निघू लागताच त्यांनी त्यांच्या दंडावर हात ठेवून त्यांना थांबवले आणि डिव्हिजनच्या अडचणी, मुख्यालयाकडून झालेली दिरंगाई यांचा पाढा वाचला. याची नोकरी आज गेली, असे सहकाऱ्यांनी मानले. परंतु पर्शिंग यांनी राग धरला नाही. उलट पुढे जेव्हा जेव्हा त्या डिव्हिजनकडे येत, तेव्हा मार्शलना बाजूला घेऊन खरी परिस्थिती विचारीत. खरे बोलणारा कनिष्ठ आणि ते ऐकून घेणारा वरिष्ठ यांची गाठ पडणे दुर्मीळच. पुढील वर्षी सप्टेंबरमध्ये एक लढाई संपते न संपते तोच दुसऱ्या, म्यूझ-आर्गोनच्या आघाडीवर सुमारे सहा लाख सैनिक व त्यांचा सारा तोफखाना आणि दारूगोळा हलवण्याचे काम मार्शल यांच्यावर पडले. त्याच वेळी त्या आघाडीवरील दोन लाखांवर फ्रेंच सैनिक माघारी आणायचे होते. रस्ते मोजके, मुदत जेमतेम दोन आठवड्यांची, आणि शत्रूला सुगावा लागू नये म्हणून हालचाल केवळ रात्री. २६ सप्टेंबर १९१८ ला ठरल्याप्रमाणे चढाई सुरू झाली. मार्शल यांनी स्वतः रणांगणात तलवार गाजवली असे कधी झाले नाही. त्यांचे शौर्य वेळापत्रकात आणि हिशेबात होते.

युद्ध संपल्यावर सेना घटली आणि अधिकाऱ्यांची तात्पुरती पदेही खाली आली. मार्शल पुन्हा खालच्या हुद्द्यावर आले. पर्शिंग यांचे साहाय्यक म्हणून पाच वर्षे, त्यानंतर चीनमधील तिएन्त्सिन येथे तीन वर्षे, असा काळ गेला. १९२७ साली मायदेशी परतल्यावर काही महिन्यांतच पत्नी लिली यांचे निधन झाले. त्यांना अपत्य नव्हते. ते एकाकीपण त्यांनी कामात बुडवले. जॉर्जियातील फोर्ट बेनिंग येथील पायदळ विद्यालयाचे शिक्षण त्यांच्याकडे सोपवण्यात आले आणि पाच वर्षांत त्यांनी त्याचा कायापालट केला. लांबलचक छापील हुकूम बंद करून अपुऱ्या माहितीवर चटकन निर्णय घेण्यास त्यांनी अधिकाऱ्यांना शिकवले. दुसऱ्या महायुद्धात पुढे आलेले कित्येक अमेरिकी सेनानी या काळात त्यांचे विद्यार्थी किंवा सहशिक्षक होते. १९३० साली कॅथरिन ब्राउन या विधवेशी त्यांनी विवाह केला. कॅथरिन यांना आधीची तीन मुले होती. मार्शल त्यांचे खऱ्या अर्थाने वडील झाले. धाकटा ॲलन तर त्यांचा विशेष लाडका.

ब्रिगेडियर जनरल हे पद मिळाले तेव्हा १९३६ साल उजाडले होते आणि त्यांचे वय पंचावन्न होते. बहुतेकांची कारकीर्द जेथे संपते तेथे यांची सुरू झाली.

नोव्हेंबर १९३८ मध्ये अध्यक्ष रूझवेल्ट यांनी बोलावलेल्या बैठकीत दहा हजार विमाने बांधण्याची कल्पना पुढे आली. विमाने चालवणारी माणसे, त्यांचे शिक्षण, तळ आणि जमिनीवरील सेना यांचा विचार त्यात नव्हता. उपस्थितांपैकी प्रत्येक जण माना डोलावत होता. शेवटी रूझवेल्ट यांनी मार्शल यांना पहिल्या नावाने हाक मारून मत विचारले. आपल्याला हे मुळीच मान्य नाही, असे मार्शल यांनी सांगितले. दालनाबाहेर पडताना सहकाऱ्यांनी पुन्हा एकदा त्यांचा निरोप घेतल्यासारखे हस्तांदोलन केले. पण पाचच महिन्यांत रूझवेल्ट यांनी अनेक ज्येष्ठ अधिकाऱ्यांना बाजूला ठेवून लष्करप्रमुखपदासाठी याच माणसाची निवड केली. मात्र पुन्हा कधी त्यांनी त्यांना पहिल्या नावाने हाक मारली नाही. मार्शल यांनाही ते हवे होते. अध्यक्षांच्या विनोदाला हसायचे नाही आणि त्यांच्या हाइड पार्क येथील घरी पाहुणचाराला जायचे नाही, असा त्यांचा दंडक होता. ते त्या घरी प्रथम गेले ते रूझवेल्ट यांच्या अंत्यविधीस. घरोबा वाढला की नकार देणे अवघड होते, हे व्यवहारातील सूत्र त्यांनी राज्यकारभारात पाळले.

त्यांचा शपथविधी १ सप्टेंबर १९३९ रोजी झाला. त्याच दिवशी जर्मनीने पोलंडवर आक्रमण केले. अमेरिकेची सेना तेव्हा दोन लाखांच्या आतच होती. सहा वर्षांत ती ऐंशी लाखांवर गेली. या कामी वय झालेल्या, नव्या युद्धास असमर्थ अधिकाऱ्यांना त्यांनी निवृत्त केले. त्यात जुने स्नेही होते आणि काही मैत्र्या कायमच्या तुटल्या. ऑगस्ट १९४१ मध्ये सक्तीच्या सैनिकी सेवेची मुदत वाढवण्याचे विधेयक प्रतिनिधिगृहात २०३ विरुद्ध २०२ अशा एका मताने संमत झाले. त्यामागे मार्शल यांनी संसद सदस्यांपुढे महिनोन्‌महिने केलेले निवेदन होते. कोणत्याही पक्षाचे नसल्याने त्यांच्या शब्दावर दोन्ही पक्षांचा विश्वास बसे. सैनिकाने राजकारणात पडू नये म्हणून ते स्वतः मतदानही करीत नसत.

नावे बाजूला लिहिण्याजोग्या गोष्टीही आहेत. ७ डिसेंबर १९४१ च्या रविवारी सकाळी जपानच्या संदेशांवरून हल्ल्याची शक्यता ध्यानी आल्यावर मार्शल यांनी पॅसिफिकमधील तळांना इशारा धाडला; परंतु हवाई बेटांकडील लष्करी बिनतारी यंत्रणा त्या वेळी चालत नसल्याने तो साध्या व्यापारी तारेने गेला आणि पर्ल हार्बर जळू लागल्यानंतर पोहोचला. पुढे लष्करी चौकशी मंडळाने त्यांच्यावरही ठपका ठेवला. अमेरिकेच्या सेनेत गोऱ्या व काळ्या सैनिकांच्या तुकड्या वेगवेगळ्या ठेवण्याची पद्धतही त्यांच्या काळात तशीच चालू राहिली. युद्धाच्या धामधुमीत सामाजिक प्रयोग नको, अशी त्यांची भूमिका होती. ती आज कोणास पटणार नाही.

१९४३ च्या अखेरीस युरोपवरील महाचढाईचे सेनापतिपद कोणाकडे द्यायचे हा प्रश्न आला. ही मोहीम व्हावी म्हणून दोन वर्षे ब्रिटिशांशी वाद घातला होता तो मार्शल यांनी. इतिहासात नाव कोरण्याची संधी तीच होती. त्यांना ते पद मिळणार हे इतके गृहीत धरले गेले होते, की पत्नीने घरातील सामान हलवण्यासही आरंभ केला होता. डिसेंबरमध्ये कैरो येथे रूझवेल्ट यांनी त्यांना बोलावून त्यांची इच्छा विचारली. एक शब्द उच्चारला असता तर पद त्यांचे होते. मार्शल यांनी तो शब्द उच्चारला नाही. देशाच्या हिताचा जो निर्णय अध्यक्ष घेतील तो मान्य असेल, एवढेच सांगितले. रूझवेल्ट यांना त्यांना वॉशिंग्टनबाहेर जाऊ देणे परवडणारे नव्हते. पद आयसेनहॉवर यांना मिळाले. स्टालिन यांना कळवायचा तो संदेश मार्शल यांनीच स्वहस्ते लिहिला, आणि नंतर तो मूळ कागद आठवण म्हणून आयसेनहॉवर यांच्याकडे पाठवून दिला.

त्यानंतर सहाच महिन्यांनी, २९ मे १९४४ रोजी, इटलीत रणगाडा तुकडीत लढत असलेला ॲलन लपून बसलेल्या जर्मन बंदूकधाऱ्याच्या गोळीने मरण पावला. मार्शल कार्यालयातून उठून घरी गेले आणि पत्नीला ही वार्ता त्यांनी स्वतः सांगितली. काही दिवसांतच युरोपच्या दौऱ्यावर असताना ते इटलीतील त्या दफनभूमीत जाऊन ॲलनच्या कबरीपाशी उभे राहिले. युद्धाच्या आरंभी मृत सैनिकांच्या घरी ते स्वतः पत्रे लिहीत. पुढे संख्या इतकी वाढली की ते अशक्य झाले. मृत व जखमींच्या आकड्यांचे रंगीत तक्ते करून ते नियमितपणे रूझवेल्ट यांच्यासमोर ठेवीत. आकड्यांची सवय झाली की माणसे दिसेनाशी होतात, ही भीती त्यांना होती.

तरीही २५ जुलै १९४५ रोजी जपानवर अणुबॉम्ब टाकण्याचा जो आदेश निघाला, त्याला पॉट्सडॅमहून युद्धमंत्री स्टिमसन यांच्याबरोबर मार्शल यांची संमती होती. जपानच्या भूमीवर उतरून लढावे लागल्यास होणारी प्राणहानी टळेल, हा त्यांचा विचार होता. हिरोशिमा आणि नागासाकी येथील आबालवृद्धांच्या बाजूने पाहिले तर हा हिशेब जुळत नाही. येथे मार्शल यांची बाजू घेण्याचा प्रयत्न करू नये हेच बरे.

नोव्हेंबर १९४५ मध्ये पासष्टीच्या उंबरठ्यावर ते निवृत्त झाले. लीसबर्ग येथील घरात बागकाम करीत राहायचे, हे दोघांचे स्वप्न. घरी पोहोचून काही वेळ होतो न होतो तोच अध्यक्ष ट्रूमन यांचा दूरध्वनी आला. चीनमध्ये यादवी पेटत आहे, तुम्ही जाल का? मार्शल यांनी होकार देऊन लगेच दूरध्वनी खाली ठेवला. पत्नी जिना चढून विश्रांतीस जात होती. तिच्या कानी हे संभाषणातून पडू नये, सवडीने सांगावे, असा त्यांचा विचार होता. परंतु थोड्याच वेळात नभोवाणीने ती बातमी तिला सांगून टाकली.

सेनापतीचा राजदूत झाला तो असा, आणि पहिल्याच कामगिरीत अपयश पदरी आले. च्यांग कै-शेक यांचा राष्ट्रीय पक्ष आणि माओ यांचे साम्यवादी यांच्यात १० जानेवारी १९४६ रोजी युद्धविराम झाला खरा, परंतु दोघांनाही समेटापेक्षा विजय हवा होता. वर्षभर खटपट करून जानेवारी १९४७ मध्ये मार्शल रिकाम्या हातांनी परतले. सैन्यात हुकूम दिला की काम होते. वाटाघाटीत समोरच्याची इच्छा नसेल तर मध्यस्थाचा निरुपाय असतो, हा धडा त्यांना साठीनंतर मिळाला.

परतताच ट्रूमन यांनी त्यांना परराष्ट्रमंत्री केले. २१ जानेवारी १९४७ रोजी त्यांनी सूत्रे हाती घेतली आणि आपण कोणत्याही निवडणुकीस कधीही उभे राहणार नाही असे जाहीर करून टाकले. युरोपात त्या वर्षीचा हिवाळा भयंकर होता. कोळसा नव्हता, धान्य नव्हते, रेल्वे आणि पूल मोडलेले. मार्च-एप्रिलमध्ये मॉस्को येथे सहा आठवडे चाललेल्या परिषदेत जर्मनीच्या प्रश्नावर काहीही निष्पन्न झाले नाही. स्टालिन यांना कसलीही घाई दिसली नाही. युरोप जितका खचेल तितके रशियाला बरे, असा निष्कर्ष घेऊन मार्शल परतले आणि त्यांनी जॉर्ज केनन यांच्या हाताखाली धोरण आखणारे एक छोटे पथक नेमले.

या कामात दुसरे एक नाव महत्त्वाचे आहे, ते विल्यम क्लेटन यांचे. परराष्ट्र खात्याचे हे आर्थिक उपमंत्री म्हणजे मूळचे कापसाचे व्यापारी. जगातील सर्वांत मोठ्या कापूस पेढ्यांपैकी एका पेढीचे ते संस्थापक भागीदार. युरोप फिरून आल्यावर त्यांनी मे महिन्यात जे टिपण दिले त्यात एका व्यापाऱ्याला दिसावे तेच दिसले होते. शेतकऱ्याजवळ धान्य आहे, परंतु ते विकून मिळालेल्या नोटांनी बाजारात घेण्याजोगे काही नाही. म्हणून तो धान्य शहरात पाठवत नाही, जनावरांना घालतो. शहरातील कामगार उपाशी, म्हणून कारखाना चालत नाही. कारखाना चालत नाही म्हणून शेतकऱ्याला हवा तो माल नाही. देवघेवीचे चाकच थांबले होते. माल, गिऱ्हाईक आणि पत यांपैकी पतच नाहीशी झाली की उरलेल्या दोहोंचा उपयोग होत नाही, हे बाजारात बसणाऱ्या कोणासही समजावून सांगावे लागत नाही.

५ जून १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या सन्माननीय पदवीदान समारंभात मार्शल यांनी एक छोटेसे भाषण केले. ते कागदावरून, खालच्या आवाजात, कसलाही आवेश न आणता वाचले गेले. त्यात तीन गोष्टी होत्या. मदत कोणत्याही देशाविरुद्ध नसून भूक आणि दारिद्र्य यांच्याविरुद्ध असेल. योजना युरोपातील देशांनी एकत्र बसून स्वतः आखावी. आणि सहकार्य करू इच्छिणाऱ्या कोणालाही दार बंद नसेल. श्रोत्यांपैकी अनेकांना त्याचे महत्त्वही कळले नाही. ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अर्नेस्ट बेव्हिन यांनी मात्र नभोवाणीवर ते ऐकले आणि तत्काळ हालचाल सुरू केली. जुलैमध्ये पॅरिसला सोळा देश जमले. रशियाचे मोलोटोव्ह आधीच्या बैठकीतून उठून गेले होते आणि चेकोस्लोव्हाकियाला त्यांनी यायला बंदी केली.

योजनेचे नाव ट्रूमन यांनी आग्रहाने मार्शल यांचे ठेवले. त्यात त्यांचा धूर्तपणाही होता; विरोधी पक्षाचे बहुमत असलेल्या संसदेत स्वतःच्या नावाने काही संमत होणार नाही हे ते जाणून होते. पैसा मिळवण्यासाठी मार्शल यांनी देशभर दौरा केला. शेतकरी, कापूस उत्पादक, व्यापारी मंडळे, महिला संस्था यांच्यापुढे त्यांनी भाषणे केली. ज्याने आयुष्यात कधी मत मागितले नाही त्याने हे सारे केले ते परक्या मुलखातील उपाशी लोकांसाठी, आणि त्यांत कालचा शत्रू जर्मनीही होता. पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीकडून खंडणी वसूल करण्याचा प्रयत्न झाला, त्याचे फळ वीस वर्षांत जगाला मिळाले होते. बुडालेल्या कुळाकडून वसुली होत नाही. त्याला बी-बियाणे देऊन उभे केले तर तो पुन्हा बाजारात येतो. ३ एप्रिल १९४८ रोजी कायद्यावर सही झाली. तत्पूर्वी फेब्रुवारीत चेकोस्लोव्हाकियात साम्यवाद्यांनी सत्ता बळकावली होती, त्या भीतीनेही संसदेचे मन वळले हे नाकारता येत नाही.

१९४८ ते १९५१ या काळात सुमारे तेराशे कोटी डॉलर खर्च झाले. त्यांतील बहुतांश रक्कम कर्ज नव्हते, अनुदान होते. परंतु ते रोख वाटले गेले नाही, आणि या योजनेची खरी खुबी तेथेच आहे. समजा, फ्रान्समधील एका गिरणीमालकास अमेरिकेचा कापूस हवा आहे. त्याच्याजवळ फ्रँक आहेत, डॉलर नाहीत. अमेरिकेतील विक्रेत्यास डॉलर अमेरिकेच्या सरकारने दिले. गिरणीमालकाने मात्र कापसाची पूर्ण किंमत फ्रँकमध्ये आपल्याच सरकारच्या एका निराळ्या खात्यात भरली. अशा रीतीने जमलेल्या त्या रकमेतून, अमेरिकेशी विचारविनिमय करून, फ्रान्सने आपल्या विजेची, रेल्वेची, पोलादाची कामे उभारली. ब्रिटनने ती मुख्यतः सरकारी कर्ज फेडण्यास वापरली. माल फुकट कोणासच मिळाला नाही, त्यामुळे वापरणारा जपून मागे. आणि एकाच डॉलरने दोनदा काम केले. गहू, कापूस, कोळसा, खते, यंत्रे असा माल बोटींतून गेला. १९५१ च्या अखेरीस पश्चिम युरोपातील औद्योगिक उत्पादन युद्धापूर्वीच्या मानाने सुमारे पस्तीस टक्के वाढले होते. त्याचे सारे श्रेय या योजनेला नाही, युरोपीय लोकांच्या कष्टांना आहे, असे अनेक अर्थतज्ज्ञ म्हणतात आणि ते योग्यच आहे. अमेरिकेच्या मालाला बाजारपेठ मिळाली हेही खरे. दोघांचाही लाभ असणारा व्यवहारच टिकतो.

सर्व काही निर्मळ होते असे नाही. मदत युरोपपुरतीच होती आणि तीतून सावरलेला हॉलंड इंडोनेशियातील स्वातंत्र्यलढा चिरडण्यासाठी सैन्य पोसत होता. डिसेंबर १९४८ मध्ये त्याने पुन्हा लष्करी कारवाई केली तेव्हा अमेरिकेने इंडोनेशियासाठीचा मदतीचा भाग थांबवला. जानेवारी १९४९ मध्ये पंडित नेहरूंनी याच प्रश्नावर नवी दिल्लीत आशियाई देशांची परिषद बोलावली होती.

इस्रायलला मान्यता देण्याच्या प्रश्नावर मे १९४८ मध्ये मार्शल यांचे ट्रूमन यांच्याशी तीव्र मतभेद झाले. अध्यक्षांच्या तोंडावर त्यांनी विरोध केला. निर्णय झाल्यावर मात्र त्यांनी राजीनामा दिला नाही की बाहेर एक शब्द काढला नाही. त्याच वर्षी बर्लिनची नाकेबंदी झाली. डिसेंबरमध्ये त्यांचे एक मूत्रपिंड काढावे लागले आणि जानेवारी १९४९ मध्ये त्यांनी पद सोडले. लवकरच अमेरिकी रेडक्रॉसचे अध्यक्षपद त्यांनी स्वीकारले.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध भडकले आणि ट्रूमन यांनी पुन्हा त्यांनाच हाक मारली, या वेळी संरक्षणमंत्रिपदासाठी. लष्करातून निवृत्त होऊन दहा वर्षे लोटल्याखेरीज कोणी संरक्षणमंत्री होऊ नये, असा कायदा होता. सेनापतीच्या हाती नागरी सत्ता जाऊ नये, हा त्यामागील सुज्ञ विचार. मार्शल यांच्यासाठी संसदेने त्यास खास अपवाद केला. सप्टेंबर १९५० ते सप्टेंबर १९५१ असे वर्षभर ते या पदावर राहिले. योगायोग असा, की सेनापतीने नागरी सत्तेपुढे नमावे हे तत्त्व याच वर्षी कसोटीस लागले. जनरल मॅकआर्थर अध्यक्षांच्या धोरणाविरुद्ध जाहीर वक्तव्ये करीत होते. मार्शल प्रथम सबुरीचा सल्ला देत होते. परंतु सर्व कागदपत्रे वाचून काढल्यावर, ही बडतर्फी दोन वर्षांपूर्वीच व्हायला हवी होती, अशा मताला ते आले. एप्रिल १९५१ मध्ये मॅकआर्थर यांना दूर करण्यात आले. एका सैनिकाने दुसऱ्या सैनिकाविरुद्ध नागरी सत्तेच्या बाजूने उभे राहण्यास विशेष मोल असते. नंतर सिनेटच्या चौकशीत मार्शल सात दिवस साक्ष देत होते.

त्याची किंमत त्यांनी मोजली. १४ जून १९५१ रोजी सिनेटर जोसेफ मॅकार्थी यांनी चीन साम्यवाद्यांच्या हाती जाण्यामागे मार्शल यांचा हात असल्याचा, ते एका देशद्रोही कारस्थानात सामील असल्याचा आरोप एका प्रदीर्घ भाषणातून केला. पन्नास वर्षांच्या सेवेनंतर देशद्रोहाचा कलंक! मार्शल यांनी उत्तर दिले नाही. आपण देशद्रोही नाही हे या वयात सांगावे लागत असेल तर त्या सांगण्याला अर्थ उरत नाही, असे त्यांचे मत होते. पुढील वर्षी आयसेनहॉवर अध्यक्षपदाच्या निवडणुकीस उभे राहिले. मॅकार्थी यांच्या राज्यात, मिलवॉकी येथील ३ ऑक्टोबर १९५२ च्या भाषणात मार्शल यांची बाजू घेणारा एक परिच्छेद होता. राजकीय सल्लागारांच्या आग्रहावरून आयसेनहॉवर यांनी तो गाळला. ज्यांच्यासाठी मार्शल यांनी कैरोत आपल्या आयुष्यातील सर्वांत मोठी संधी न मागता सोडून दिली होती, ते हेच आयसेनहॉवर. ट्रूमन यांनी ही गोष्ट त्यांना कधी माफ केली नाही. मार्शल यांनी मात्र त्याविषयी जाहीरपणे कधीही तक्रार केली नाही.

आत्मचरित्र लिहिण्यासाठी एका साप्ताहिकाच्या प्रकाशकाने दहा लाख डॉलर देऊ केले होते. मार्शल यांनी नकार दिला. खरे लिहायचे तर कोणाची ना कोणाची अपकीर्ती होणार, आणि ती विकून पैसे घ्यायचे नाहीत, हे त्यांचे कारण. 

ऑस्लोला गेले तेव्हा ते आजारी होते. समारंभाच्या दुसऱ्या दिवशी दिलेल्या व्याख्यानात सैनिकाला हे पारितोषिक मिळाल्याबद्दल होत असलेल्या टीकेचा उल्लेख त्यांनी स्वतःच केला आणि ती त्यांनी चुकीची म्हटली नाही. परदेशातील अमेरिकी सैनिकांच्या दफनभूमींची देखभाल करणाऱ्या आयोगाचे ते त्या वेळी अध्यक्ष होते. युद्धाला काय खर्च येतो हे त्या कामामुळे आपल्या डोळ्यांसमोर सतत असते, एवढेच त्यांनी आपल्या बाजूने सांगितले. ज्या मोठ्या सेना त्यांनी उभारल्या, त्यांच्यावर विसंबून शांतता टिकत नाही, हे सांगण्याचा अधिकार त्या सभागृहात बहुधा त्यांनाच होता.

१६ ऑक्टोबर १९५९ रोजी वॉशिंग्टन येथील लष्करी रुग्णालयात त्यांचे निधन झाले. अंत्यविधीविषयीच्या सूचना त्यांनी आधीच लिहून ठेवल्या होत्या. पार्थिव संसद भवनात दर्शनासाठी ठेवू नये, मोठ्या कॅथीड्रलमध्ये समारंभ करू नये, कोणीही गौरवपर भाषण करू नये. त्याप्रमाणे आर्लिंग्टन दफनभूमीलगतच्या फोर्ट मायर येथील छोट्या प्रार्थनागृहात विधी झाला. माजी अध्यक्ष ट्रूमन आणि तत्कालीन अध्यक्ष आयसेनहॉवर, ज्यांच्यात कित्येक वर्षे धड बोलणेही नव्हते, ते दोघे एकाच बाकावर बसले होते. थोडक्यात प्रार्थना झाली. मार्शल यांचा देह त्यांच्या पहिल्या पत्नी लिली यांच्या शेजारी ठेवण्यात आला. भाषण कोणीही केले नाही.